नळाचं पाणी आणि आमच्या प्रयोगशाळेचा इतिहास

आमच्या सरकारी पर्यावरण प्रयोगशाळेची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा तिचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की दिवाळी अंकात कविता छापून आलेला कार्यालयात मी एकटाच होतो. ती कुणी वाचली नव्हती, त्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागलो, तेव्हा दोन खोल्या, एक फ्रिज आणि एक जीप एवढाच संसार होता. इंदिरानगरातल्या शेजाऱ्यांना मी शास्त्रज्ञ असल्याचं सांगायचो. प्रत्यक्षात बाटल्या धुवायच्या, गोदावरीचं पाणी भरून आणायचं आणि तपासणीचे आकडे वहीत उतरवायचे, हे माझं शास्त्र.

पहिल्याच हिवाळ्यात मी नवे चामडी बूट घालून पंचवटीत नमुने घ्यायला गेलो. शास्त्रज्ञाने चपलेत जाणं मला बरं दिसेना. घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय पडला आणि मी बाटल्यांच्या खोक्यासकट बसत बसत खाली आलो. वर भाजी विकणाऱ्या मावशी ओरडल्या, "अगं बाई, सरकारी माणूस पडला!" त्या दिवशी माझ्या हुद्द्याची दखल एवढीच घेतली गेली.

आमचा ड्रायव्हर घोटीकडचा. तो धावत आला. "साहेब, लय लागलं का?"

"नाही."

"पँट फाटलीय पण. मागून."

भरलेल्या बाटल्या फुटल्या होत्या, एक रिकामी तेवढी वाचली होती. पुन्हा खाली उतरायचं म्हणजे सगळ्या बाजाराकडे पाठ करायची. मी मागे फाईल धरून गल्लीत शिरलो, कोपऱ्यावरच्या नळाखाली बाटली भरली आणि तिच्यावर नदीची चिठ्ठी चिकटवली.

तपासणीत गोदावरी जवळजवळ पिण्याजोगी निघाली. तेव्हाचे साहेब हरखले. "बघा, आपल्या कामाचा परिणाम दिसायला लागला!" म्हणाले आणि अहवाल मुंबईला पाठवला. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझी पाठ थोपटली. तोंड मिटलं, ते दहा-बारा वर्षं मिटलेलंच राहिलं.

इतिहासाच्या कामात मला मदतीला एक नवी सहकारी दिली होती. ती खरीखुरी रसायनशास्त्रज्ञ. जुन्या वह्यांवरून तिने नदीच्या पाण्यातल्या प्राणवायूचा आलेख काढला. सगळी रेघ खाली घसरत आलेली, मध्येच एक उंच शिखर. त्यावर तिने दोन पानं मजकूरही लिहून आणला होता: चांगला पाऊस, धरणातून सुटलेलं पाणी, नागरिकांमधली जागृती.

"सर, एवढं पुरेसं वाटतं का? की अजून काही कारण असेल?"

तिने त्या दोन पानांसाठी आठवडाभर कागद चाळले होते. माझ्याने गप्प बसवेना.

"माझी पँट फाटली होती," मी म्हणालो.

सगळं ऐकल्यावर ती आधी मनसोक्त हसली, मग गंभीर झाली. "सर, हा आकडा दरवर्षीच्या अहवालात येतोय. लोक यावर विसंबून असतील."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मला काळजी होती ती फक्त माझी.

आम्ही दोघं नव्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, मला लेखी खुलासा मागितला आणि वहीतल्या त्या ओळीवर लाल शाईने 'अग्राह्य' असा शेरा मारला. इतिहासात हे घ्यायचं का, असं मी विचारलं.

"घ्या. बाकीचा तुमचा मजकूर तसाही कोण वाचणार?"

त्यांचं खरं ठरलं. स्मरणिकेतलं तेवढंच पान लोकांनी वाचलं. बायकोने तर ते शेजाऱ्यांना नेऊन दाखवलं.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी मला पुन्हा नमुन्याला पाठवलं, सोबत तिलाही. मी रबरी चप्पल घालून गुडघाभर पाण्यात उतरलो, बाटली बुडबुडा न येता भरली आणि काठावर तिच्या हातात दिली. तिने त्यात औषधं टाकली. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा.

दोघंही बाटलीकडे बघत राहिलो. साका पांढराच बसला. तिने तसं लिहिलं आणि खाली मी सही केली.