पंचबाईंचा चुकलेला जोड

मैदानाच्या मागच्या फाटकासमोर, औषधाच्या दुकानाला लागून, बूटदुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहून बोलायचं. मालकीणबाई साठीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर, हातात आरी, आणि स्वभाव इतका चौकस की विचारू नका. गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही, पाय राहतात. रस्त्यात कोणी हाक मारली तर त्या आधी खाली बघतात आणि मग हसतात. नवरा हयात असताना सगळ्यांना सांगायचा, "बघायला गेलो तेव्हा हिनं आधी माझे बूट बघितले, मला नंतर." बाईंनी ते कधी नाकारलं नाही.

क्लबच्या मुलींचे बूट पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच येतात. हॉकीचे बूट कसे झिजतात हे त्यांना जितकं कळतं तितकं बूट बनवणाऱ्यालाही कळत नसेल. टाच कुठे घासली, चवडा कुठे गुळगुळीत झाला, कोणत्या बाजूचे रबरी दाणे आधी गेले, यावरून त्या खेळाडूचं सगळं पुराण सांगतात. चार वर्षांपूर्वी एका नव्या गोलकीपरचा सोल बघून त्या म्हणाल्या, "ही डावीकडे झेप घ्यायला कचरते." पुढच्याच महिन्यात तिच्या डावीकडून तीन गोल झाले. तेव्हापासून त्यांचं नाव पंचबाई पडलं आणि त्यांचा शब्द शेवटचा ठरला.

दर वर्षी सीझनच्या तोंडावर क्लब नव्या मुलींची यादी लावतो. तीन महिने सराव, मग त्यातून मुख्य संघात कोण जाणार ते ठरतं. हे तीन महिने दुकानात नुसता गदारोळ असतो. गणिताचे निवृत्त मास्तर, शेजारचा औषधवाला आणि बस चालवणाऱ्या एक बाई, ज्यांना सगळे ड्रायव्हरताई म्हणतात, असे तिघं रोज चारच्या सुमारास टपकतात. संघाची काळजी त्यांना स्वतःच्या घरापेक्षा जास्त. मुलींनी त्यांना विचारलेलं नसतं, प्रशिक्षकांनी तर मुळीच नाही, पण यांच्याशिवाय जणू पान हलत नाही.

"उंच पोरगी बघितली का?" ड्रायव्हरताई म्हणाल्या. "काय हात आहे! पेनल्टी कॉर्नर तिच्याकडे द्या आणि निवांत बसा."

"हात आहे, डोकं कुठंय?" मास्तर म्हणाले. "चेंडू आल्यावर विचार करते. चेंडू यायच्या आधी विचार करणारी एकच आहे, ती बारीक पोरगी, मधल्या फळीतली. ती मान वळवून आधी मागे बघते, मग पुढे. पाहिलंत का कोणी? नाही पाहिलंत. तुम्ही सगळे गोल बघता."

"बारीक आहे हो फार. वाऱ्यानं उडेल," औषधवाला म्हणाला.

"तू गोळ्या मोज."

वाद मिटेना तेव्हा सगळ्यांच्या नजरा पंचबाईंकडे वळल्या. त्यांची एक पद्धत होती. बूट आले की जोडाच्या आत खडूनं नंबर घालायचा आणि नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. आधी सोल वाचायचा, मग चिठ्ठी उघडायची. नाव कळलं की डोळे लबाडी करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी नऊ नंबरचा जोड उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि दोन-तीनदा उलटापालटा करून बघितला.

"काय झालं?" ड्रायव्हरताईंनी विचारलं.

"डाव्याची बाहेरची कड बघा. पार गेली. उजव्याची तशीच आहे," पंचबाई म्हणाल्या. "ही डावा पाय ओढते. गुडघा गेलाय हिचा. आज-कालचा नाही, वर्षभर तरी अशीच खेळतेय. सीझन काही काढत नाही ही."

चिठ्ठी उघडली. बारीक पोरीचं नाव निघालं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं आणि औषधवाल्याचे कान टवकारले. त्याच्या दुकानात खोकल्याच्या औषधाबरोबर बातमी फुकट मिळते. प्रशिक्षकांच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी डोकेदुखीची गोळी घेतली आणि गुडघ्याची गोष्टही घरी नेली.

पंचबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. एवढा गुडघा गेलेली मुलगी मान वळवून मागे कशी बघते? दुखणारं माणूस पुढच्या पावलाकडे बघतं. त्या तीन दिवस तो जोड उचलून बघत राहिल्या.

गुरुवारी दुपारी ती मुलगी बूट न्यायला आली. एकोणीस वर्षांची, डोळे सुजलेले. "झाले का मावशी? तसे घेऊन तरी काय करू म्हणा. उद्या मुख्य संघाची यादी लागणार, माझं नाव नसणार."

"का गं?"

"कोणीतरी उठवलंय की माझा गुडघा खराब आहे. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, काही नाही निघालं. तरी सर म्हणतात, एवढे लोक बोलतायत म्हणजे काहीतरी असेल, या वर्षी थांबू. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही मावशी. संपलंच."

लोक म्हणजे कोण, हे पंचबाईंना विचारावं लागलं नाही.

"चप्पल काढ आणि जरा चालून दाखव," त्या म्हणाल्या. मुलगी गोंधळली, पण चालली. दारापर्यंत, परत, पुन्हा दारापर्यंत. फरशीवर चामड्याची भुकटी सांडलेली होती, तिच्यात पावलं उमटली. पंचबाई गुडघ्यावर बसल्या आणि ठसे बघू लागल्या. डावा, उजवा, डावा. एकमेकांशी अगदी जुळणारे. पायात खोट नव्हती, बिलकूल नव्हती.

"हे बूट तुझे आहेत का गं?"

"ताईचे. ती पण खेळायची, दुसऱ्या गावच्या संघात. दोन वर्षांपूर्वी सोडलं. कंटाळा आला म्हणाली." मुलगी डोळे पुसत थोडी हसली. "आता ऑफिसात जाते. इतकी आळशी झालीय! एक मजला चढायचा तरी लिफ्टसाठी उभी राहते. आम्ही सगळे चिडवतो तिला, म्हातारी म्हणून. हे बूट तिनंच आत्ता निवडीच्या वेळी दिले. म्हणाली, लकी आहेत."

पंचबाईंनी बूट खाली ठेवले. त्यांचं वाचन चुकलं नव्हतं. शब्द न् शब्द खरा होता, फक्त पाय दुसऱ्याचा होता. आणि त्या पायाची गोष्ट या पोरीला ठाऊक नव्हती, तिच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. आता मैदानात जाऊन "बूट हिच्या बहिणीचे आहेत" एवढं सांगितलं की काम झालं असतं. पण तेच संध्याकाळपर्यंत औषधवाल्याच्या काउंटरवर आलं असतं आणि रात्रीच्या जेवणाआधी त्या घरात पोचलं असतं. कोणीतरी दोन वर्षं ओठ मिटून जपलेली गोष्ट उघडी करायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं.

त्यांनी जुने सोल सोलून काढले, नवे चिकटवले, कडेनं टाके घातले. मुलीला म्हणाल्या, "हे घाल आणि सरावाला जा. तुझ्या गुडघ्याचं बोलणारी मीच होते. माझी चूक झाली. मी निस्तरते." मग ॲप्रन अंगावर तसाच ठेवून त्या फाटकातून आत गेल्या.

प्रशिक्षक त्यांना बघून खुर्चीतून उठले. "सर, माझ्याकडून जोड बदलला," पंचबाई म्हणाल्या. "खडूचा नंबर चुकीच्या बुटात पडला. मी वाचला तो सोल दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा. या पोरीचा पाय ठणठणीत आहे."

"पंचवीस वर्षांत तुमचा जोड बदललेला मी ऐकला नाही."

"आता ऐकलात," त्या म्हणाल्या. "वय झालं. तुमच्या डॉक्टरांचा कागद खरा धरा."

बूट दुरुस्त करणाऱ्यानं जोड बदलला असं कबूल करणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्यांनाच कळेल. वाट्टेल ते टाके उसवू द्या, रंग चुकू द्या, माणसं माफ करतात. जोड बदलणाऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा बूट टाकत नाही.

शुक्रवारी यादी लागली आणि तिच्यात बारीक पोरीचं नाव होतं. शनिवारी ती वीस मिनिटं खेळली. गोल-बिल काही केला नाही, पण मास्तर दोन दिवस तिच्या एका पासबद्दलच बोलत होते. पंचबाईंना मात्र कोणी काही विचारेना. ड्रायव्हरताई म्हणाल्या, "पंचांनी स्वतःलाच कार्ड दाखवलं की हो!" सगळे हसले, पंचबाईही हसल्या. पण एक जुनं गिऱ्हाईक बूट घेताना आत वाकून बघायला लागलं, हे आपलेच ना म्हणून. खोटं कशाला बोला, फार लागलं त्यांना.

आठवड्यानं दुपारी एक पंचविशीतली बाई दुकानाशी आली. पायरी चढताना तिनं चौकटीला हात धरला आणि उजवा पाय आधी टाकला. पंचबाईंनी खाली बघितलं आणि हातातली आरी बाजूला ठेवली. ओळख पटायला चेहऱ्याची गरजच नव्हती.

"बस," त्या म्हणाल्या.

"माझी बहीण घरी सांगत होती," ती म्हणाली. "म्हणे बूटवाल्या मावशींनी चुकून भलत्याच कोणाचा सोल वाचला. डावा पाय ओढणारी कोणीतरी. घरचे हसले. मी पण हसले." तिनं आवाज खाली आणला. "तुमचा जोड बदलला नव्हता."

"नव्हता."

"तिला सांगितलं नाहीत?"

"तू नाही सांगितलंस, मी कोण सांगणारी?"

ताई स्टुलावर टेकली. "गुडघा गेला तेव्हा आईला कळलं असतं तर धाकटीची स्टिक त्याच दिवशी माळ्यावर गेली असती. म्हणून कंटाळा आला म्हणाले. आता लोक आळशी म्हणतात, म्हणू देत." मग तिनं इकडेतिकडे बघितलं. "ते सोल टाकले का तुम्ही?"

पंचबाईंनी फळीखालून सोल काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. ताई ते उलटसुलट करून बघत राहिली. स्वतःचा पाय तिनं असा कधी बघितला नव्हता. झिजलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला सगळं दिसतं म्हणतात. मी चांगली खेळायचे का?"

नव्या मुलींबद्दल हा प्रश्न पंचबाईंना शंभरदा विचारला गेला होता. खेळ सोडलेल्या कोणी कधी विचारला नव्हता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, दोन्ही सोल शेजारी शेजारी धरले.

"कड बघितलीस ना? आता टोकं बघ. दोन्ही टोकं सारखी झिजलीत. दुखरा पाय माणूस मागे ठेवतं. तू चेंडूवर जाताना कधीच मागे ठेवला नाहीस. एकदाही नाही. अशी पोरगी मी इतक्या वर्षांत बघितली नाही."

ताईनं सोल छातीशी धरले आणि हमसाहमशी रडायला लागली. तेवढ्यात औषधवाला पायऱ्या उतरून इकडेच येताना दिसला. पंचबाई उठल्या आणि त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं.