स्पेनला नेण्याजोगं पुस्तक

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका स्पेन देश ओळखणारा माणूस मालवण तालुक्यात दुसरा नाही, आणि खुद्द स्पेनमध्ये तरी असेल की नाही याची मला शंका आहे. तिथली कुठली बस कुठून सुटते, दुपारी दुकानं किती वेळ बंद असतात, कुठल्या चर्चच्या मनोऱ्याला पायऱ्या आहेत आणि कुठल्याला नुसता उतार, हे सगळं ते मालवणातल्या आपल्या पडवीत बसून बिनचूक सांगत. तोवर ते स्वतः कोल्हापूरच्या पुढे गेलेले नव्हते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. स्वतःची गाडी सोडायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना मनासारखं पुस्तक मिळेना. पुस्तक म्हणजे प्रवाशांना वाट दाखवणारं, नकाशे आणि हॉटेलं दिलेलं पुस्तक. ते एकदा नक्की झालं की तिकिटं काढायची, असं त्यांनी निवृत्तीच्या दिवशी जाहीर केलं होतं. त्यानंतर पडवीतलं कपाट भरलं, मग माळा भरला, पण तिकिटं काही निघाली नाहीत.

खरं म्हणजे जायचं होतं वहिनींना. वहिनी मसुऱ्याच्या. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते आणि रजेवर आले की सांगायचे, स्पेनात सेव्हिल नावाचं एक शहर आहे, तिथे भर रस्त्यात दुतर्फा संत्र्यांची झाडं आहेत, फळांनी लगडलेली, आणि येणारा-जाणारा एकही फळ काढत नाही. ज्या गावात आंबा धरला की बागायतदार झाडाखाली खाट टाकून झोपतो, त्या गावात ही गोष्ट कोण खरी मानणार? लोकांनी म्हाताऱ्याला थापाड्या ठरवलं आणि तो बिचारा तेच नाव घेऊन वर गेला. "माझ्या बापाशीन खरा सांगल्यान काय खोटा, ता माका ह्या डोळ्यांनी बघूचा आसा," एवढंच वहिनींचं मागणं होतं. लग्न ठरताना त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं आणि दादांनी (आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो) हसत हसत शब्द दिला होता. आता वहिनींचे गुडघे कुरकुरू लागले होते, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागत होतं, आणि दादा अजून पुस्तकच निवडत होते.

या कामात त्यांचा सल्लागार मी. मी मराठीचा निवृत्त मास्तर. माझं इंग्रजी शब्दकोशाचा हात धरून कसंबसं चालतं, तेही सपाट रस्त्यावर. पण छापील अक्षराशी माझा घरोबा आहे असा दादांचा गैरसमज होता आणि तो दूर करण्याइतका मी प्रामाणिक नाही. दादांच्या परीक्षा कडक असत. पुस्तक दिवसभर हातात वागवायचं, तेव्हा ते वजनाला हलकं हवं, म्हणून एकदा ते दोन पुस्तकं घेऊन थेट मासळी बाजारात गेले आणि कोळणीच्या तराजूत टाकली. तिने एकीकडे पुस्तक, एकीकडे वजन, असं शांतपणे तोलून विचारलं, "कापून दिवू, काय तसाच न्हेतास?" मागे पिशवी धरून मी उभा होतो आणि शेजारी माझी एक जुनी विद्यार्थिनी कोलंबी घेत होती. तिने मला नमस्कार केला, पण फार वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

सूर्यास्ताचे फोटो असलेलं पुस्तक तर दादा उघडताक्षणीच मिटत. "सूर्य हंयसर पण बुडता, भावजीनू. दर्यात बुडता आणि फुकट बुडता." प्रवासात बोलायची वाक्यं शेवटी दिलेली असतात, त्यांचाही त्यांना राग. सामान हरवलं, पोटात दुखतंय, पोलिसांना बोलवा. "घरासून पाय भायर टाकूच्या आदी ह्यांच्या पोटात दुखाक लागला," असं म्हणून ते पुस्तक अपशकुनी ठरवत. तरीही ती वाक्यं ते पाठ करत आणि माझ्यावर चालवून बघत. मी स्पॅनिश हॉटेलवाला. माझं काम न समजल्यासारखा चेहरा करायचा, आणि ते मला उपजतच जमे. मग एवढी भाषा शिकायची तर ती आणखी कुठे कुठे चालते ते बघायला नको का, म्हणून मेक्सिको आलं, पेरू आलं, अर्जेंटिना आलं. प्रत्येक देशाची वेगळी पुस्तकं आली. स्पेनचं नवं पुस्तक आलं की मात्र दादा आधी सेव्हिलचं पान काढत, उभ्याउभ्याच वाचत आणि मिटून ठेवत. "ह्या न्हय." कारण विचारलं की कधी वजन सांगत, कधी छपाई.

शेवटी मला एक अफाट कल्पना सुचली. आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, पुस्तकाचाही कौल घ्या. दादांना नाही म्हणता येईना. शेवटच्या फेरीत उरलेली दोन पुस्तकं, एक तांबडं आणि एक निळं, नारळासोबत देवापुढे ठेवली आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू बायलेक घेवन स्पेनाक जावक बघता हा. ह्या तांबड्या पुस्तकान त्येचा बरा होयत असात, तर उजवी कळी दी, म्हाराजा." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." डावी पडली. निळ्यालाही डावीच पडली. दादांनी मोठा सुस्कारा सोडला. मला तो निराशेचा वाटला. इतकी वर्षं माणसांना शिकवून मला माणसं कळतात ती इतपत.

वहिनी गुडघे चोळत पायरीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "देवाक पुस्तकाचाच कित्याक इचारतास? पुस्तक नसताना गेलव तर चलात काय, ता इचारा." आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे विचारायचं एवढ्या वर्षांत कोणालाच सुचलं नव्हतं. गुरवाने विचारायला तोंड उघडलं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. पुढे देवापुढे कोणाचं चालतं? एजंटाने व्हिसा काढला, तिकिटं काढली आणि दादा-वहिनी जाऊन आले. सगळी पुस्तकं दादांनी माझ्या घरी आणून टाकली. आता आपण कधी जायचं, असं बायको विचारते, आणि मी म्हणतो, आधी पुस्तक ठरू दे.

परत आल्यावर मी भेटायला गेलो. वहिनी आरामखुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावून. "झाडां आसत, भावजीनू. रस्त्यार आसत. आणि कोण काढणत नाय," त्या म्हणाल्या. "एक खाली पडलेला होता, ता खाल्लंय. कडू जहर." मी म्हटलं, "मग?" "मगे काय? माझो बापूस खोटो नव्हतो." हे त्यांनी अगदी सुखाने सांगितलं. मग त्या खुर्चीचा हात धरत उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दादा माझ्याकडे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "कडू आसतत, म्हणान कोण काढणत नाय. माका ता पयल्याच पुस्तकात गावला होता. इतक्या लांब न्हेवन तिका कडू फळ कसा दाखवचा? म्हटला, खंयच्या तरी पुस्तकात गोड म्हणान लिवलेला मेळात. ता बघत होतंय." स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला तसे ते सावरून बसले. "तिका सांगू नकात."

मी सांगितलेलं नाही. इथे लिहिलं आहे खरं, पण मी लिहिलेलं आमच्या दोन्ही घरांत कोणी वाचत नाही, त्यामुळे काळजी नाही.