मुका कॉम्प्युटर बोलता केला त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल. माझ्या हातून असा घोटाळा झालाय की बारामतीतल्या एका गल्लीतून मी अजून मोटारसायकल जरा जोरातच काढतो.

पण आधी माझी योग्यता ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल कुठल्या अडाण्याची गोष्ट ऐकतोय. आमच्या निरवांगीत कुणाला पाण्याची मोटर घ्यायची असू दे, ट्रॅक्टर घ्यायचा असू दे, कडबाकुट्टी घ्यायची असू दे, आधी मला गाडीवर मागं बसवून नेतात. मी कंपनी बघत नाही, कागद बघत नाही. मशीन चालू करायला लावतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते मी आवाजावरून सांगतो. एकदा नरसिंहपूरला दर्शनाला गेलो होतो. घाटावर उभ्या उभ्या मी सांगितलं, पलीकडच्या काठाची ती मोटर हवा ओढतीय. निघालं की खरं. त्या दिवशी आमच्या मंडळींनी देवाच्या आधी माझ्याकडं बघून हात जोडले. आता यात थोडं मीठमसाला आहे, पण थोडंच.

तर आमची सून प्रियांका. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, हुशार पोरगी. बारामतीतल्या एका इंजिनिअर साहेबांनी तिला परीक्षेचं काम दिलं होतं. एका बंगल्याचं चित्र करायचं, पण साधं नाही. बंगला बांधून उभा आहे असं वाटलं पाहिजे आणि कॉम्प्युटरवर तो चारी बाजूंनी फिरवून बघता आला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवलं आणि पसंत पडलं, तर साहेबांची सगळी कामं तिच्याकडं येणार, तीही घरबसल्या. अडचण एवढीच की तिचा जुना लॅपटॉप पहिला मजला चढला की बंद पडायचा.

म्हणून नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. पैसे तिचेच, शिकवण्या घेऊन साठवलेले. पण मशीन घ्यायचं आणि मी बरोबर नाही, असं आमच्या घरात कधी झालंय का?

बारामतीच्या दुकानात शिरलो. शेठनं टेबलावर एक काळा डबा दाखवला. एका बाजूला काच, आत निळे दिवे.

"आबा, ह्यो प्रोसेसर, ही सोळा जीबीची रॅम, ही एसएसडी," शेठ बोट लावून दाखवायला लागला. "आन हे ग्राफिक कार्ड. सगळ्यात म्हाग हेच हाय."

"चालू करा," मी म्हटलं.

"चालूच हाय की."

मी डोळे मिटले. काही नाही. खाली वाकून डब्याला कान लावला. तरी काही नाही.

"शेठ, आवाज कुठं हाय?"

"चांगल्या मशिनला आवाज नसतो, आबा."

"आमच्याकडं आवाज येत न्हाय त्येला बंद पडलं म्हंत्यात."

शेठ हसला आणि त्यानं किंमत सांगितली. मी स्टुलावर बसलो. एका चांगल्या दुभत्या गाईची किंमत होती ती. आणि गाय निदान हंबरते तरी.

आता मला जोर आला. मी एकेका गोष्टीचा हिशेब मागायला लागलो. हे ग्राफिक कार्ड कशापायी? प्रियांका म्हणाली, "मामा, चित्रं काढायचं काम ते करतं."

"मग प्रोसेसर काय करतो?"

"बाकीचं सगळं."

"म्हंजी एका गाडीला दोन इंजिनं लावायची आन दोन्हीचं पैसं घ्यायचं. बरं चाललंय की शेठ तुमचं."

शेठ शांतपणे म्हणाला, "आबा, ट्रॅक्टरला इंजिन असतंय. पर मागं रोटाव्हेटर जोडल्याबिगर रान तयार हुतंय का?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला. डबा उचलून बघितला. हलका लागला. काचेतून आत बघितलं तर निम्मा मोकळा.

"आत सामान कमी आन जागाच जास्त. तुमी मशिनचं पैसं लावताय का खोलीचं?"

"आत हवा खेळाया जागा लागती, आबा. हवा अडली की मशीन तापतंय."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुकानात चार गिऱ्हाइकं जमली होती, ती माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी आणखी तासभर ओढून धरलं असतं, पण प्रियांका कानाशी येऊन म्हणाली, "मामा, हाच घ्यायचाय मला. शुक्रवार जवळ आलाय." तिचा चेहरा बघून मी माघार घेतली. पण माघारही थाटात घेतली. "घेतोय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पर मला पटलेलं न्हाय." आणि एक माऊसपॅड फुकट उचललं.

घरी आणला. आता आमच्याकडं नवं काहीही आलं की पूजा होते. ट्रॅक्टरची झाली, बोअरच्या मोटरीची झाली, मिक्सरचीसुद्धा झाली. मग सगळ्यात महागड्या वस्तूलाच वगळायचं का? आमच्या सौभाग्यवतींनी ताट आणलं. मी डब्याभोवती एक चक्कर मारली तर डोक्यावर एक काळी जाळी दिसली, चुंबकानं चिकटवलेली. हात लावला तशी निघूनच आली.

आता ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढची जाळी पाचटानं भरली की इंजिन तापतं, हे मला माहीत. मी मनात म्हटलं, बघा, शेठनं हवेची वाटच बंद करून दिलीय. जाळी काढून खिडकीत ठेवली. खाली पंखा दिसला. त्याच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि आमच्या बांधावरच्या झेंडूचा हा एवढा हार डब्याच्या डोक्यावर घातला. शेजारी नारळ फोडला.

प्रियांका आतून आली. "मामा, हार काढूया का? वर पंखा हाय."

"अगं पहिला दिवस हाय. रातभर ऱ्हाऊ दे. देवाचं न्हाय आडवं येत." माझ्यापुढं ती काय बोलणार?

तिनं बटण दाबलं. आधी खुळखुळ झालं. मग कडकड. मग असा भरघोस, दमदार आवाज सुरू झाला की मांजर उठून अंगणात गेलं. मी डोळे मिटले. काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आपला पैसा बोलतोय असं वाटलं.

"पिठाची गिरण वाटतीया," आमच्या मंडळी म्हणाल्या.

"मामा, दुकानात तर एवढा आवाज नव्हता," प्रियांका म्हणाली.

"दुकानात ते रिकामं बसलं हुतं. आता तू त्याला बंगला बांधाया लावलास. वझं पडल्यावर आवाज निघणारच की."

माणसानं मोठ्या मनाचं असावं. मी तिथल्या तिथं शेठला फोन लावला. "शेठ, माझं चुकलं. मशीन बोलाया लागलं. किंमत पटली मला."

"बोलाया लागलं? आबा, कसला आवाज येतोय?" तो विचारतच होता. मी आनंदाच्या भरात फोन ठेवून दिला.

मग मी शहाजीला बोलावलं. शहाजीचं गावात झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यानं त्याच शेठकडून आठवड्यापूर्वीच नवा कॉम्प्युटर नेला होता. तो आला, दारातच थबकला.

"आबा, ह्यो तुमचा कॉम्प्युटर?"

"ऐक. डोळं मिटून ऐक."

त्यानं ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. "माझा तर हूं का चूं करत न्हाय वो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शहाजी, आवाज न्हाय तर ताकद न्हाय. फसवलं तुला." बिचारा चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी मी हार काढला, पण आवाज तसाच राहिला. मला बरंच वाटलं. शिवाय घरात एक मंद सुवास सुटला होता, देवघरात येतो तसा. आमच्या मंडळी म्हणाल्या, "पूजा चांगली मानवली." मी मान डोलावली.

आणि शुक्रवार उजाडला. बंगला जवळजवळ तयार होता. शेवटचं एक मोठं चित्र तेवढं कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं राहिलं होतं. प्रियांकानं ते काम लावलं, आवाज वाढला, वास वाढला आणि खट्. पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा खट्. आणखी एकदा लावलं तर निम्म्यातूनच गेला. तिनं डब्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. तवा झाला होता.

 ती नुसती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शिकवण्यांचे पैसे गेले, साहेबांचं काम हातचं चाललं. मला ते बघवेना. आणि मला बघवेनासं झालं की राग येतो. राग कुणाचा आला असेल? अर्थात शेठचा.

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, गाडीत मांडीवर घेतला आणि आम्ही दोघं बारामतीला निघालो. वाटेत मी भाषण जुळवत होतो. दुकान भरलेलं होतं, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

"ऐका मंडळी," मी दारातूनच सुरू केलं. "गाईची किंमत घेतली ह्या मानसानं आन भाकड गाय बांधली आमच्या दारात. आत नुसती मोकळी जागा, ती पैसं देऊन घेतली आमी. आज पोरीचं काम बुडायला आलंय. ह्येचा जबाब द्या. सगळ्यांच्या म्होरं उघडा ह्यो डबा. बघू द्या लोकांना, आत काय भरून दिलंय ते."

लोक जमले. कुणीतरी मोबाईलवर शूटिंगही सुरू केलं. मी कॅमेऱ्याकडं तोंड करून उभा राहिलो.

शेठनं चार स्क्रू काढले, काच बाजूला केली.

आधी वास बाहेर आला. ओळखीचा. मग शेठनं चिमटा घातला आणि एक सुकलेली पिवळी पाकळी बाहेर काढली. मग दुसरी. मग झेंडूचा अख्खा गोंडा, प्रोसेसरच्या पंख्यात घट्ट बसलेला. त्यानं एक कागद पसरला. पाकळ्या, कुंकवात रंगलेल्या अक्षता, नारळाची शेंडी. ग्राफिक कार्डावर हळदीचा थर असा बसला होता की लग्न लावायचंच तेवढं बाकी होतं.

 शूटिंगवाला आणखी जवळ आला.

"आबा," शेठ अगदी हळू म्हणाला, "वरची जाळी कुठं हाय?"

"खिडकीत."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण बारामतीच्या त्या दुकानात फरशी पक्की होती. प्रियांका माझ्याकडं बघत होती. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. बोलली असती तर सोपं गेलं असतं. ती शेठला एवढंच म्हणाली, "सुरू होईल का?"

शेठ भला माणूस. ब्लोअर मारला, कापसानं पुसलं, वर नवी जाळी बसवली आणि तिथंच काउंटरवर स्क्रीन जोडून दिला. कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज नाही. मी सवयीनं कान पुढं केला आणि लगेच मागं घेतला. प्रियांका स्टुलावर बसली, काम लावलं. मी देवाचं नाव घ्यावं म्हटलं, मग विचार केला, नको, देवाचं बरंच झालंय. एकदाही न अडखळता बंगला उभा राहिला. गच्ची, जिना, दारातलं तुळशीवृंदावनसुद्धा. तिनं पाठवून दिला.

चहा आला, पण मी कप हातात धरूनच बसलो. मग तिचा फोन वाजला. साहेबच होते. ती दोनदा "हो सर" म्हणाली आणि माझ्याकडं वळून हसली. "मामा, पसंत पडला. सोमवारी दुसरं काम देतायत."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि धोंडा उतरला की माझा स्वभाव परत येतो, त्याला इलाज नाही. मी उठलो, कॉम्प्युटरवर थाप मारली आणि गिऱ्हाइकांना म्हटलं, "माल चांगलाय. किंमत वाजवी हाय. मी सोता तपासलाय."

एवढ्यात दारात कोण उभं? शहाजी. काखेत चादरीत गुंडाळलेला त्याचा कॉम्प्युटर.

"शेठ, हे घ्या तुमचं मुकं जनावर," त्यानं धाडकन काउंटरवर ठेवलं. "आवाज न्हाय तर ताकद न्हाय, हे आबांनी सांगितलंय मला. आमच्या आबांच्यासारखा गरजणारा द्या. वर काय लागंल ते पैसं देतो."

सगळं दुकान माझ्याकडं बघायला लागलं. शूटिंगवाल्यानं फोन पुन्हा वर केला.  शेठनं फक्त तो पाकळ्यांचा कागद दोन बोटांनी माझ्यापुढं सरकवला.

मी कागदाची नीट पुडी केली आणि शहाजीच्या हातात दिली.

"घे," म्हटलं, "मशीन तुझं तेच ऱ्हाऊ दे. आवाज ह्या पुडीत हाय."