साडेसतरा अंशांचा उतार

"वर नाही नेणार सर," नागपूरहून डेमो द्यायला आलेला तंत्रज्ञ म्हणाला. चढाच्या पायथ्याशीच त्याने गवत कापायची मशीन थांबवली.

मी कारण विचारले.

"कंपनीची मनाई आहे. दहा अंशांपेक्षा जास्त उतारावर आम्ही चढवत नाही."

"मग आमचा माणूस कसा चढवणार?"

"ते तुम्ही बघा सर," असे म्हणून त्याने मशीन वळवली आणि हिरवळीकडे परत नेली.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. वर्धा जिल्ह्यात जामहून गिरडच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका निवासी शिक्षणसंस्थेत मी मेंटेनन्स इंजिनीअर होतो. शिक्षणाने कृषी अभियंता. संस्थेची जागा चाळीस एकर. सात-आठ शेते विकत घेऊन ती जोडली होती. शेते एक झाली, पण धुरे, म्हणजे दोन शेतांमधले मातीचे बांध, कोणी मोडले नाहीत. पावसाळा संपताना कमरेएवढ्या गवतात ते दिसतही नसत. मागे मुरमाची टेकडी होती. उतारावर कुसळी गवत आणि उताराच्या तळाशी रस्त्यासाठी मुरूम काढून झालेली खोल खदान.

गवत तोवर गावातल्या बाया विळ्याने कापत. त्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी राइड-ऑन मोअर, म्हणजे बसून चालवायची गवत कापायची मशीन घ्यायचे ठरवले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. कोणती मशीन घ्यावी याची टेक्निकल नोट मी लिहायची होती.

डेमो ऑफिससमोरच्या सपाट हिरवळीवर झाला. तिथे खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता. नोट लिहून व्हायची होती, पण मशीनला हार घालून नारळ फोडूनही झाला होता. भाऊसाहेबांनी स्वतः बसून दोन फेऱ्या मारल्या. फोटो निघाले. टेकडीवर चालवून दाखवा, हा आग्रह एकट्या माझा होता. त्याचा निकाल वर सांगितला आहे.

मी ऑफिसात जाऊन म्हणालो, "भाऊसाहेब, विकणाऱ्याचा माणूस वर जायला तयार नाही."

"तो शहरातला पोट्टा हाये. आपला माळी देवराव जाते ना."

"मशीन दोघांसाठी एकच आहे."

"इंजिनीअरसाहेब, तुमाले प्रत्येक गोष्टीत खोट काऊन दिसते? नारळ फुटला आता."

दुसऱ्या दिवशी मी उतार मोजला. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. ती आणि एक टेप, एवढे पुरते. दहा फूट आडव्या अंतराला जमीन तीन फूट दोन इंच उतरत होती. म्हणजे साडेसतरा अंश. दहा अंशांना ती पावणेदोन फूट उतरली असती. मशीनच्या पुस्तिकेत ही मर्यादा चौकटीत छापलेली होती. पुस्तिका भाऊसाहेबांच्या टेबलावरच होती, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेली.

आणखी दोन गोष्टी होत्या. मशीनचा डेक, म्हणजे खालचा पात्यांचा भाग, साडेतीन फूट रुंद होता. उंचसखल जमिनीवर रुंद डेक वाईट. धुऱ्यावर पाते माती खरडते आणि बाजूचे गवत तसेच राहते. दुसरे म्हणजे मशीन उलटली तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान या मॉडेलला नव्हती. मी लिहिले की सपाट भागासाठी अरुंद डेकची मशीन घ्यावी आणि टेकडीसाठी खांद्याला अडकवून चालवायचे दोन ब्रश कटर. नोट परत आली. वर शेरा होता, 'फेरविचार करावा.'

त्याच दिवशी देवराव माझ्याकडे आला. तो रोजंदारीवरचा माळी, पस्तिशीचा. ट्रॅक्टर चांगला चालवायचा.

"साहेब, तुमी सही काऊन अडवून राह्यले?"

"मशीन टेकडीवर उलटेल, देवराव."

"मले ठाऊक हाये ना. म्या काय आंधळा हाव? पण मशीन आली त मले डायवर म्हणून पक्का करतो म्हणे भाऊसाहेब. सात वर्षं झाले रोजंदारीवर. तुमची नोकरी पक्की हाये, म्हणून तुमाले अंश मोजता येते."

माझी हरकत तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती आणि तिची झळ त्याला बसत होती. ही गाठ ज्यांनी मारली, ते ऑफिसात निवांत बसले होते.

मी मधला मार्ग काढला. सही केली, पण अट घालून. मशीन फक्त सपाट भागात चालेल, टेकडी विळ्यानेच कापली जाईल. टेकडीच्या पायथ्याशी मी स्वतः उभा राहून चुन्याची रेघ मारून घेतली. देवरावला म्हणालो, "याच्या वर जायचं नाही."

"नाई जात," तो म्हणाला.

मशीन आली. महिनाभर ती रेघेच्या खालीच चालली. मग मी कामानिमित्त तीन दिवस नागपूरला गेलो. परत आलो तेव्हा मशीन खदानीत होती आणि देवराव वर्ध्याच्या दवाखान्यात.

घडले ते असे. संस्थेत पाहुणे येणार होते. त्यांची मुक्कामाची खोली टेकडीच्या बाजूला होती, म्हणून तिथले गवत कापून हवे होते. देवराव उतारावर मशीन आडवी चालवत असताना वरच्या बाजूचे चाक गवतात दडलेल्या धुऱ्यावर चढले. मशीन खालच्या अंगाला कलली. त्याने वरच्या बाजूला उडी टाकली म्हणून जीव वाचला. पण मशीन खदानीकडे घसरताना मागचे चाक त्याच्या पायावरून गेले. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले.

आठ दिवसांत संस्थेचा चौकशी अहवाल तयार झाला. संस्थेत एवढ्या वेगाने झालेले दुसरे काम मला आठवत नाही. त्यात लिहिले होते, 'अभियंत्यांनी मर्यादा आखून दिली असताना चालकाने ती ओलांडली. सबब त्यास कामावरून कमी करावे.' पुरावा म्हणून माझी नोट जोडली होती. रेघेचा फोटोही होता.

मी तो कागद दोनदा वाचला. माणूस वाचावा म्हणून आखलेली रेघ त्याला काढून टाकायला वापरली होती. आणि अहवालावर सही करण्यासाठी त्यांनी तो माझ्याकडेच पाठवला होता.

दवाखान्यात देवराव पाय टांगून पडला होता. मी विचारले, "वर का गेलास?"

"भाऊसाहेब म्हणाले. मी म्हटलं, साहेबानं रेघ मारली हाये. त ते म्हणे, रेघ साहेबाची हाये, मशीन माही हाये."

"कोणी ऐकलं?"

"कोन होतं तिथं? मी अन् ते."

परत येऊन मी ऑफिसातले चावीचे रजिस्टर मागितले. मशीनची किल्ली भाऊसाहेबांच्या हुकमाने ऑफिसातच राहत असे. रोज सकाळी कारकून वानखेडे नोंद करून ती द्यायचे. अपघाताच्या दिवशी कामाच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेले होते, 'टेकडी. भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून.'

"हे तुम्हीच लिहिलं ना?"

वानखेडे इकडेतिकडे पाहून म्हणाले, "काम कोनतं अन् कोनाच्या सांगण्यावरून, दोन्ही लिहाची पद्धत हाये आपली. मी त लिहून गेलो. पण साहेब, मी दाखवलं म्हणून सांगू नका."

मी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि अहवाल सही न करता चौकशी समितीच्या बैठकीत घेऊन गेलो. अध्यक्षांनी पान वाचले आणि भाऊसाहेबांकडे सरकवले.

भाऊसाहेब म्हणाले, "जा म्हटलं मी. पण जपून जा, असंही म्हटलं होतं."

मी विचारले, "साडेसतरा अंशांवर जपून कसं जातात, ते सांगितलं होतं का?"

"इंजिनीअरसाहेब, आवाज खाली ठेवा," अध्यक्ष म्हणाले. माझा आवाज चढलेला नव्हता.

अहवाल बदलला. 'चालकाने मर्यादा ओलांडली' हे वाक्य गेले आणि त्या जागी 'दुर्दैवी अपघात' असे आले. वर कोणी पाठवले, याचा उल्लेख नव्या अहवालातही नव्हता. तो घालावा असे मी लेखी मागितले, त्याला उत्तर आले नाही. देवरावला कामावर ठेवले आणि पुढच्या वर्षी पक्काही केले, पण गेटवर, पहारेकरी म्हणून. पाय कायमचा अधू झाल्यावर सात वर्षांची अडचण एका ठरावात सुटली. भाऊसाहेब पुढेही सचिव राहिले. टेकडीवरचे गवत पुन्हा बाया विळ्याने कापू लागल्या.

पुढच्या नोकऱ्यांमध्ये मी बऱ्याच यंत्रांच्या नोटा लिहिल्या. वापराच्या मर्यादांखाली दोन सह्यांची जागा ठेवतो. एक चालकाची, दुसरी त्याला कामावर धाडणाऱ्या अधिकाऱ्याची. पहिली सही जागेवर मिळते. दुसरीसाठी अजूनही तीन-चार खेपा माराव्या लागतात.