कुस्करलेल्या भाकरीचा चमचा

वाळूजच्या एका कारखान्यात मी प्लास्टिकचे साचे बनवतो. वडिलांचा हात फार थरथरायला लागला, तेव्हा त्यांच्यासाठी चमचाही मीच करायचं ठरवलं. जाड मूठ, वाकडी दांडी आणि दातांना लागू नये म्हणून मऊ काठ. जेवणाच्या सुट्टीत चाचणी झाली. मी वरणभात खायचा आणि सोबत्यानं माझं कोपर गदागदा हलवायचं. एक शीत सांडलं नाही! मी तिथंच नाचलो.

घरी पहिल्याच घासाला चमचा नापास. वडिलांच्या ताटात नेहमीसारखी वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी होती. खोल चमच्यात ती अशी रुतली की उपडा केला तरी निघेना.

"यापेक्षा गवंड्याची थापी आण," वडील म्हणाले.

मी जाम चिडलो, पण कुणावर चिडणार? जन्मभर भाकरी खाऊन वरणभातावर चाचणी घेणारा गाढव मीच.

मग चमचा पसरट केला आणि डब्यात भाकरी कुस्करून नेली. कोपर हलवायला आता अख्खं खातं रांगेत! माझ्या शर्टावर वरण, छतावरही वरण, आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पाचवा चमचा जमला.

रविवारी दुपारी वडील आपल्या हातानं जेवू लागले. त्यांच्या शेजारी आईही ताट वाढून बसली होती. दोन वर्षं ती त्यांना भरवून झाल्यावरच जेवायची.

तिनं पहिला घास घेतला आणि दचकली.

"आगं बाई, गरम हाय की!"