देव कुठल्या पार्टीचा?

हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, अशा बायका एका टेबलाभोवती बसल्या की किस्से धुळीसारखे साठतात. झाडायला जावं तर संपत नाहीत, न झाडावं तर नाकात जातात!

आमचं टेबल आयर्लंडमधल्या टॅलाच्या कम्युनिटी हॉलमधलं, खिडकीजवळचं. बुधवारी सकाळी विणकाम. मुलाने मला इकडे आणलं तेव्हा सून म्हणाली, "आई, जाऊन बघा, तेवढाच वेळ जाईल." वेळ कसला जातोय! भांडायला बुधवार पुरत नाही. माझ्या एका बाजूला ब्रीडा, इस्पितळातून रिटायर झालेली नर्स, जिभेला इंजेक्शनची सुई. दुसऱ्या बाजूला फिलोमिना, रोज चर्चमध्ये जाऊन आल्याशिवाय चहाला तोंड न लावणारी. आणि खुर्चीत नसूनही कायम हजर असलेली तिसरी बाई म्हणजे नुअला, ब्रीडाची धाकटी बहीण. ही तरुणपणीच अमेरिकेला गेली, ओहायोत संसार थाटला आणि तिथलीच झाली.

नुअलामुळे आम्हाला अमेरिकेचं राजकारण तोंडपाठ. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं मराठी मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचलं आणि इंग्रजी इथल्या लायब्ररीतल्या पेपरांवर. तेव्हा "आजी, तुम्हाला त्यातलं काय कळणार" असं मला कोणी म्हणू नये. कळतं!

* * *

ब्रीडाच्या आईच्या स्वयंपाकघरात तीन फोटो असायचे. एक येशूचा, एक पोपचा आणि एक अमेरिकेच्या त्या कॅथलिक राष्ट्राध्यक्षाचा, आयरिश रक्ताचा म्हणून. म्हातारी तिन्ही फोटो एकाच फडक्याने, एकाच भक्तिभावाने पुसायची. नुअला निघाली तेव्हा आईने बजावलं, "रोज प्रार्थना कर, देवाची आज्ञा मोडू नकोस. आणि मत आपल्या माणसाच्या पार्टीला दे." आपली पार्टी म्हणजे डेमोक्रॅट. विषय संपला.

नुअलाने बरीच वर्षं दिलंही. मग गर्भपाताचा मुद्दा पेटला, त्यात नवऱ्याचं भलंमोठं, कॅथलिक नसलेलं चर्च आलं, आणि बाई रिपब्लिकन झाली. ब्रीडाने फोनवर झाडलं, "आईला काय वाटलं असतं?"

नुअला म्हणाली, "आईने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन्ही एकदम जमेनात, म्हणून मी पहिली ठेवली!"

ब्रीडाने विषय हवामानावर नेला. असं पुन्हा कधी घडल्याचं ऐकिवात नाही.

* * *

पुढे इथे आयर्लंडमध्येच गर्भपाताचं सार्वमत आलं. ब्रीडाचं 'हो', फिलोमिनाचं 'नाही'. आणि दोघी मत द्यायला गेल्या कशा? एकाच गाडीतून!

मी म्हटलं, "अगं, एकीने दुसरीचं मत खोडलं. घरीच बसला असतात तर?"

"घरी बसून काय करणार?" फिलोमिना म्हणाली. "मतदानाच्या शाळेशेजारच्या बेकरीत स्कोन ग्रँड मिळतात."

इथे स्कोन खाऊन मिटलं ते समुद्रापलीकडे मिटलं नाही. नुअलाने फोनवर बहिणीला विचारलं, "तू कुणीकडे?" ब्रीडाने सांगितलं. ब्रीडा खोटं बोलत नाही, हाच तिचा दुर्गुण. फोन बंद झाला तो बंदच. ख्रिसमसला कार्ड यायचं, खाली नुसती सही.

* * *

तेव्हापासून नुअलाच्या बातम्या फिलोमिना आणायची; तिच्याशी नुअलाचा फोन चालूच होता. ब्रीडा ऐकत नसल्यासारखं ऐकायची आणि टाके चुकवायची.

एकदा फिलोमिना सांगत होती, निवडणूक आली की नुअलाच्या चर्चच्या दारात पत्रकं ठेवतात. कोणता उमेदवार कशाच्या बाजूने, त्याचा तक्ता. पास्टर नाव कोणाचंच घेत नाहीत. एवढंच म्हणतात, "देव बघतोय."

"माझ्या लहानपणी आमचे फादर हेच करायचे," ब्रीडा म्हणाली. "आम्ही ते सोडलं आणि नुअलाबरोबर पार्सल केलं!"

मी म्हटलं, यात नवल काय? आमच्याकडे गावच्या निवडणुकीत खंडोबाचा बेल-भंडारा उचलायला लावायचे. हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन शपथ घ्यायची की मत अमक्यालाच देईन. शपथ मोडली तर देव बघून घेईल. माझ्या आजेसासूबाईंकडे सकाळी एक पार्टी आली, त्यांनी भंडारा उचलला. दुपारी दुसरी आली, तिचाही उचलला! मी नवी सून, घाबरले. विचारलं, "आजी, मग मत कोणाला देणार?"

"ते मी आणि खंडोबा बघून घेऊ," म्हणाल्या. "तू भाकरी बघ, करपतेय."

फिलोमिनाने छातीवर क्रॉस काढला. मग हळूच म्हणाली, "ही बाई ओहायोत हवी होती."

* * *

मागे फिलोमिना स्वतःच ओहायोला जाऊन आली. जाताना खुशीत होती, की तिथे सगळे आपल्याच विचाराचे भेटतील! इथे रविवारी अर्धं चर्च रिकामं, तिथे म्हणे पार्किंग मिळत नाही.

परत आली ती विणायच्या सुया न काढताच बसली. ब्रीडाने दोन कप चहा पाजला तेव्हा तोंड उघडलं. नुअलाच्या चर्चमध्ये मेणबत्ती नाही, मूर्ती नाही. स्टेजवर ड्रमसेट आणि खुर्चीला कप अडकवायची सोय. तेही चाललं असतं. पण प्रार्थनेनंतर एक गोड बाई जवळ आली. फिलोमिनाचं गर्भपाताबद्दलचं मत ऐकून तिचे डोळेच भरले. गळ्यात पडून म्हणाली, "आपण एकाच बाजूच्या!" मग हिच्या हातातली जपमाळ दिसली, म्हणजे ही कॅथलिक! बाईने हिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कळवळून म्हणाली, "तुम्हीसुद्धा एक दिवस ख्रिश्चन व्हाल, मी रोज प्रार्थना करेन."

"मी!" फिलोमिना टेबलावर मूठ आपटून म्हणाली. "जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झालाय माझा! मी ख्रिश्चन व्हायचं?"

"पण मत चाललं असतं हो तुझं," ब्रीडा म्हणाली.

"मत तर लगेच चाललं असतं!"

* * *

ब्रीडाच्या मुलीचं लग्न ठरलं. फिलोमिना आणि मी दोन्हीकडून तिच्या मागे लागलो की बहिणीला बोलाव. आणखी किती वर्षं हातात आहेत दोघींच्या? ब्रीडा विणता विणता म्हणाली, "बोलावते. पण ती टोपी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

टोपी म्हणजे नुअलाच्या पार्टीची. पुढे चोच, कपाळावर घोषणा. प्रत्येक फोटोत डोक्यावर!

नुअला आली, टोपी घालूनच आली. निरोप पोचलेला होता. तिने ती काढली, फाटकाच्या खांबावर अडकवली आणि मग घरात शिरली. चार दिवस हेच. बाहेर जाताना घालायची, आत येताना खांबावर. बाकी भांडण नाही, तंटा नाही. मी फिलोमिनाला म्हटलं, "बरं चाललंय की."

"कसलं बरं? मीठ दिलं तर एकमेकींना थँक यू म्हणतायत! फार वाईट चाललंय, सुमन."

* * *

लग्नाच्या आधीच्या बुधवारी नुअला टेबलाशी आली. ब्रीडाने पिशवीतून आईची मूर्ती काढली, प्रागचा बाळ-येशू. इथली रीत अशी, की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हा बाळ बाहेर कुंपणात ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाऊस पडत नाही. मुकुटवाला, गोंडस, वीतभर. मान कधीतरी मोडलेली, डिंकाने चिकटवलेली. ब्रीडा मूर्तीचा झगा शिवत होती.

नुअलाला राहवेना. "ब्रीडा, ती बाहुली आहे. देवाने मूर्तीला मनाई केली आहे." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्हाला उद्देशून नाही हं, सुमन."

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, "बाई, आम्ही मातीचा देव आणतो, दहा दिवस बसवतो आणि पाण्यात सोडतो. तुम्ही तर त्याला दर चार वर्षांनी निवडणुकीला उभा करता!"

मग नुअला जी हसत सुटली! डोळ्यांतून पाणी, खुर्ची करकरायला लागली. ब्रीडासुद्धा हसली, अगदी त्याच आवाजात. दोघींना ते एकदमच कळलं, आणि दोघी एकदमच थांबल्या.

* * *

लग्नाच्या दिवशी नवरीच्या झग्याची किनार उसवली म्हणून सकाळीच मला बोलावलं. पाऊस धो-धो. स्वयंपाकघरात मी सुई-दोरा घेऊन, फिलोमिना केसांत रोलर घालून, आणि ब्रीडा बाळ-येशूच्या नावाने बोटं मोडत. वर नुअलाच्या खोलीत हेअर-ड्रायर घोंघावत होता.

ब्रीडाने खिडकीचा पडदा सारला आणि तशीच उभी राहिली.

आम्ही मागून डोकावलो. कुंपणात बाळ-येशू होता. त्याच्या मुकुटावर, चिकटवलेल्या मानेच्याही खाली खांद्यापर्यंत उतरलेली, घोषणेसकट नुअलाची टोपी होती.

"जीझस, मेरी अँड जोसेफ," फिलोमिना कुजबुजली.

ब्रीडा दार उघडून सपाता घालूनच पावसात गेली. फिलोमिनाने जपमाळ धरली. माझी सुई हवेतच राहिली. ब्रीडा कुंपणापाशी वाकली आणि टोपीची चोच चिमटीत पकडली.

टोपी जराशी तिरकी झाली होती, डिंकाच्या मानेवर पाऊस यायला लागला होता. तिने ती सरळ केली, आणि ओल्या सपाता दाराशी काढून आत आली.