कीर्तीला हरवायची संध्याकाळ

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत कायम हरून कायम खूश असणारा एकच माणूस आहे, बुधाजी कोळी. जन्मभर उरणच्या बाजूला बंदरातल्या लाँचवर नोकरी केली, दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये बुद्धिबळ शिकले आणि घरी येऊन लेकीला, कीर्तीला शिकवलं. तिथंच फसले. शाळेत असल्यापासून ती त्यांना हरवते आहे. आता ती नाशिकला नोकरी करते, पण बापलेकीचा डाव कम्प्युटरवर चालूच असतो. दिवसाला एक चाल, ती संध्याकाळी सहाच्या आत खेळायची, नाहीतर डाव गेला. बापाला बरं वाटावं म्हणून कीर्ती कधी मुद्दाम हरली नाही. बुधाजींना त्याचा कोण अभिमान!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे.

"कृष्णकांतभाऊ, चला वर. कम्प्युटर आधी थिजला, आता चालूच होत नाय. आन् आज मी जिंकतोय! एक चाल खेळली का मात हाय!"

ऑफिसात मी कम्प्युटरपुढे बसायचो, म्हणून सगळ्यांना वाटतं मला त्यातलं कळतं. हा गैरसमज मीही जपून ठेवलाय. वर जाऊन प्लग काढला, लावला, दुसऱ्या बोर्डाला जोडून पाहिला. बटण दाबलं की दिवा लागायचा, जरा वेळानं आपोआप विझायचा. भिंतीवरचं घड्याळ मात्र व्यवस्थित चालू होतं.

"कीर्तीला फोन करून चाल सांगून टाका की," मी म्हणालो.

"तिच्याकडं सवलत मागू? नाय जमनार," बुधाजी म्हणाले. असा राग आला मला! मात एका फोनवर होती आणि हा गृहस्थ मान सांभाळत बसला होता.

शेवटी कम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत पाहतो तर हळदकुंकवाचा चिखल, झेंडूच्या पाकळ्या आणि पंख्याच्या पात्यांत घट्ट अडकलेल्या अक्षता. पंखा जागचा हलत नव्हता, म्हणून मशीन तापून बंद पडत होतं.

बुधाजींच्या घरच्या, रंभावहिनी, दारातच थबकल्या. "मीच वाहिल्या काल पूजेला. वरती जाळी हाय ना, तिथं. जरा जास्तीच वाहिल्या. म्हटलं, यंदा तरी यांना जिंकू दे."

बुधाजी बायकोकडे बघतच राहिले आणि मग असे हसत सुटले की मलाही आवरेना. वहिनी आधी रुसल्या, मग पदर तोंडाला लावून त्याही हसू लागल्या. चिमट्यानं अक्षता काढल्या, रंगाच्या कोरड्या ब्रशानं चिखल खरवडला. पंखा बोटानं फिरवून पाहिला, फिरला. पण तोवर सहा वाजून गेले होते.

कम्प्युटर सुरू झाला तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. बुधाजींनी हरल्याची पाटी वाचायला चष्मा लावला. पाटी नव्हतीच. डाव जिवंत होता आणि त्यांच्या नावापुढे आणखी एक दिवस दिसत होता.

त्यांनी घाईघाईनं फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मीच वाढवून दिला, बाबा," कीर्ती म्हणाली. "समोरच्याला वेळ देता येतो. तुमी जिंकत असताना चाल विसरनार? कायतरी बिघडलं असनार, तवाच समजले."

"अगं, पन तू फुकट जिंकली असतीस ना!"

"तसलं जिंकून काय करू? कवापासून वाट बघतेय तुमी मला हरवाल म्हनून. खेळा आता."

बुधाजींनी हत्ती उचलून शेवटच्या रांगेत ठेवला.

"हरले!" कीर्ती ओरडली. तिला इतका आनंद झाला होता की बुधाजींना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.